शिक्क्याआधी वही : इंडोनेशियातील हलाल प्रमाणपत्र व खेड्यातील लघुउद्योग

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत मुलाणी हा एक बलुतेदार होता. गावात बकरे कापावयाचे झाले म्हणजे मुलाण्यास बोलावणे जाई. त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी चालविली की ते मांस गावातील मुसलमानांस चाले आणि इतर मांसाहारी गावकऱ्यांसही चाले. त्याबद्दल कोणी त्याच्याकडे दाखला मागितला नाही. मुलाणी कोण, त्याचा बाप कसा होता, त्याची सुरी कशी असते, हे साऱ्या गावास ठाऊक असे. ओळख हाच दाखला होता.

परंतु ओळखीची धाव वेशीपर्यंतच असते. माल वेस ओलांडून तालुक्याच्या किंवा शहराच्या पेठेत गेला म्हणजे करणाऱ्याचे तोंड मालाबरोबर जात नाही. तेथे ओळखीच्या जागी कागद लागतो. हा कागद खेड्यातील लहान उत्पादकास कसा मिळावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि तो खरा राहावा म्हणून काय करावे, हे प्रश्न आज जगातील अनेक देशांपुढे आहेत. इंडोनेशियाने ते सर्वांत मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आहेत. तेथील यश व तेथील चुका या दोन्हींतून आपल्याकडील ग्रामसेवकांस व गृहोद्योग करणाऱ्या शेतकरी कुटुंबांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हलाल म्हणजे काय

‘हलाल’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ धर्माने अनुज्ञात, म्हणजे चालण्याजोगे. मराठीत निमकहलाल हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातील हलाल तोच. इस्लामी आचाराप्रमाणे डुकराचे मांस व त्यापासून काढलेले सर्व पदार्थ, रक्त, मेलेल्या जनावराचे मांस आणि मादक पेये निषिद्ध आहेत. चालणारे जनावरही विहित रीतीने कापलेले असावे लागते. जनावर जिवंत असावे, कापणाराने अल्लाचे नाव घ्यावे, सुरी धारदार असावी, आणि श्वासनलिका, अन्ननलिका व मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जाऊन रक्त वाहून जावे, अशी ही रीत आहे. ह्याबरोबरच अन्न स्वच्छ व हितकर असावे, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे प्रश्न केवळ मांसाचा नाही. बिस्किटात घातलेली चरबी, मिठाईतील जिलेटीन, केकमधील मद्याचा वास, इतकेच नव्हे तर पावावर लोणी फिरविण्याच्या कुंचल्याचे केस कोणत्या जनावराचे, हेही पाहावे लागते.

कायदा का करावा लागला

इंडोनेशियाची लोकसंख्या अठ्ठावीस कोटींच्या वर असून तीत शेकडा ८७ च्या सुमारास लोक मुसलमान आहेत. अशा देशात हलालविषयी शंका यावी कशी, असे कोणासही वाटेल. पुष्कळ वर्षे तेथेही असेच वाटत होते. १९८८ मध्ये पूर्व जावातील मलांग येथील विद्यापीठाच्या एका संशोधकाने बाजारातील अनेक तयार पदार्थांत डुकरापासून काढलेले घटक असण्याचा संभव दाखवून दिला. ही वार्ता देशभर पसरली. ग्राहकांत घबराट झाली आणि अनेक मालांचा खप एकाएकी उतरला. लगेच पुढील वर्षी, १९८९ मध्ये, मजलिस उलेमा इंडोनेशिया ह्या धर्मपंडितांच्या परिषदेने अन्न व औषधे तपासणारी स्वतःची संस्था स्थापन केली.

दुसरा धक्का २००० च्या अखेरीस बसला. स्वयंपाकास चव आणणारी भुकटी तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याजवळ हलाल प्रमाणपत्र होते. ही भुकटी जिवाणूंच्या साहाय्याने करतात. जिवाणू जोपासण्यासाठी जे पोषक द्रव्य वापरले जाते ते कारखान्याने मध्यंतरी बदलले. नवे द्रव्य सोयाबीनचे होते, परंतु ते तयार करताना डुकराच्या स्वादुपिंडातील पाचकरस वापरलेला होता. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी ही गोष्ट उघडकीस आली. माल बाजारातून परत घ्यावा लागला आणि २००१ च्या आरंभी हे प्रकरण साऱ्या देशात गाजले. प्रमाणपत्र देते वेळी खोटे नव्हते. ते दिल्यानंतर घटक बदलला आणि तो बदल वेळीच कोणी तपासला नाही, हे ह्या प्रकरणातील मर्म होय.

अशा अनुभवांनंतर १७ ऑक्टोबर २०१४ रोजी हलाल उत्पादनांच्या हमीचा २०१४ चा ३३ वा कायदा अंमलात आला. पूर्वी ऐच्छिक असलेले प्रमाणपत्र ह्या कायद्याने सक्तीचे ठरविले. जो माल हलाल नाही त्याच्या विक्रीस बंदी नाही. मात्र तो हलाल नाही, असे वेष्टनावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. अंमलबजावणीसाठी २०१७ मध्ये एक सरकारी संस्था उभारण्यात आली. अर्ज व कागदपत्रे ही संस्था पाहते, तपासणी मान्यताप्राप्त तपासणी-संस्था करतात आणि माल हलाल आहे की नाही हा निर्णय धर्मपंडित देतात.

शंका कोठे उपजते

ह्या कायद्याचा भार लहान उत्पादकावर किती पडावा हे ठरविण्यापूर्वी शंका नेमकी कोठे उपजते ते पाहिले पाहिजे. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

सुमात्रा बेटाच्या दक्षिण टोकाकडील लाम्पुंग प्रांत केळ्याच्या वेफर्ससाठी प्रसिद्ध आहे. कच्ची केळी सोलावयाची, पातळ चकत्या करावयाच्या, तेलात तळावयाच्या. ह्यात शंकेस जागा नाही. परंतु आज ग्राहकास नुसते खारे वेफर्स पुरत नाहीत. त्यास चॉकलेटचे, चीजचे, तिखट मसाल्याचे वेफर्स हवे असतात. त्यासाठी कारखान्यातून तयार भुकटी विकत आणतात. शंका उपजते ती त्या भुकटीच्या पुड्यात. चीजची भुकटी कोणत्या पाचकरसाने केली आणि वास येण्यासाठी तीत काय घातले, हे केळी सोलणाऱ्या बाईस कळण्याचा मार्ग नाही. ते भुकटीच्या कारखान्यासच ठाऊक.

दुसरे उदाहरण मध्य जावातील बान्युमास भागातील माडाच्या गुळाचे. माडावर चढून पोयीतून रस उतरवितात, तो कढईत आटवितात आणि साच्यात ओतून ढेपा करतात. कोकणातील वाचकास येथे अधिक सांगणे नको. नीरा ठेवून दिली की तिची माडी होते, हे तो जाणतो. गुळासाठी उतरविलेला रस आंबू नये म्हणून जावातील शेतकरी मडक्यात चुना व मँगोस्टीनच्या फळाची साल किंवा फणसाच्या लाकडाचे तुकडे टाकतो, आणि रस त्याच दिवशी आटवितो. उतू जाऊ लागलेल्या कढईत थोडे तेल किंवा खवलेले खोबरे घालतो. येथे शंका बाहेरून येत नाही. रस वेळेवर उतरविला व आटविला, मडके स्वच्छ ठेवले, एवढेच सिद्ध करावयाचे असते. त्याने गूळही चांगला होतो. धर्माचा नियम आणि मालाची प्रत ह्यांची वाट येथे एकच आहे.

तिसरे उदाहरण ‘बाक्सो’ नावाच्या मांसाच्या गोळ्यांचे. हातगाडीवर रस्सा व शेवयांबरोबर हे गोळे विकणारे जावाच्या प्रत्येक गावात आढळतात. विक्रेता बाजारातून मांस घेतो, ते बाजारातील सार्वजनिक यंत्रावर दळून आणतो, साबुदाण्यासारख्या पिठात मिसळतो व गोळे वळतो. त्याचे स्वतःचे हात कितीही स्वच्छ असोत. मांस ज्या कत्तलखान्यातून आले तेथे विहित रीत पाळली गेली काय, आणि त्याच यंत्रावर त्याच्या आधी कोणी डुकराचे मांस दळले काय, ह्या दोन गोष्टी त्याच्या हातच्या नाहीत.

ह्या तिन्हींवरून एक सरळ तत्त्व निघते. जेथे शंका उपजते तेथेच पुरावा मागावा. भुकटीचा कारखाना, कत्तलखाना व दळणाचे यंत्र ह्यांना प्रथम प्रमाणपत्राच्या शिस्तीत आणले तर त्यांच्याकडून माल घेणाऱ्या हजारो लहान उत्पादकांचे काम एका पावतीवर भागते. ते न करता टोकाच्या विक्रेत्यास धारेवर धरले तर जे सिद्ध करणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे, तेच त्याच्याकडून मागितल्यासारखे होते.

इंडोनेशियात ह्या क्रमावर वाद झाला. अन्न व पेयांसाठी मूळची मुदत १७ ऑक्टोबर २०२४ ही होती. २०२४ मध्ये सरकारने मोठ्या व मध्यम उद्योगांस ती मुदत कायम ठेवली आणि सूक्ष्म व लघु उद्योगांस १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली. कायदा ढिला पडला, अशी टीका त्यावर झाली. ती योग्य वाटत नाही. मोठ्यांनी आधी आणि लहानांनी मागाहून, हाच योग्य क्रम होय. कारण लहानाचा कच्चा माल मोठ्याच्या कारखान्यातून येतो. खंत करावयाचीच तर ती ही की हा क्रम आरंभीच आखला गेला नाही, शेवटची मुदत डोक्यावर आल्यावर आखला गेला.

मोफत दाखला व सहायक

लहान उत्पादकांसाठी इंडोनेशियाने आणखी एक सोय केली. २०२० चा रोजगारनिर्मितीचा कायदा व त्याखालील २०२१ चे नियम ह्यांनी स्वयंघोषणेचा मार्ग खुला केला. ज्यांचे घटक निःशंक आहेत व कृती साधी आहे अशा उत्पादकाने आपला माल हलाल असल्याचे स्वतः घोषित करावे, प्रशिक्षित सहायकाने प्रत्यक्ष येऊन घटक व कृती पाहावी, आणि धर्मपंडितांच्या समितीने त्यावरून निर्णय द्यावा, अशी ही पद्धत आहे. ताजी फळे, भाज्या, मासे, अंडी, दूध अशा पदार्थांना वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, अशी यादीच सरकारने प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीस लहान उद्योगास साडेसहा लाख रुपिया खर्च येई. स्वयंघोषणेचा खर्च दोन लाख तीस हजार रुपिया धरण्यात आला आणि मोफत योजनेखाली तो सरकारने सोसला. त्यातील दीड लाख रुपिया हे सहायकाचे मानधन होय. २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी दहा-दहा लाख मोफत प्रमाणपत्रांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

योजनेचा हेतू स्तुत्य आहे. ज्या कागदाची सक्ती सरकार करते त्याचा खर्च गरिबावर पडू न देणे हे सरकारचे कर्तव्यच होय. परंतु दर प्रमाणपत्रामागे मानधन आणि वर्षास दहा लाखांचे उद्दिष्ट, ही दोन एकत्र आली म्हणजे काय होते हे ग्रामसेवकास सांगावयास नको. उद्दिष्टाचा आकडा पुरा करण्याचा ध्यास त्याच्या परिचयाचा आहे. खड्डे किती खणले ह्याचा अहवाल जातो, झाडे किती जगली ह्याचा जात नाही.

२०२३ मध्ये ह्याचा प्रत्यय आला. द्राक्षांपासून केलेल्या एका पेयास स्वयंघोषणेच्या मार्गाने फळांचा रस म्हणून प्रमाणपत्र मिळाले होते. ते पेय मद्यासारखे असल्याची तक्रार झाली आणि प्रयोगशाळेत त्यात मद्यार्काचे मोठे प्रमाण आढळले. प्रमाणपत्र रद्द झाले, सहायकावरही कारवाई झाली. आंबविण्याची क्रिया असलेला माल साध्या कृतीचा म्हणून ह्या मार्गात शिरला कसा, हा प्रश्न उरतोच. सहायकाने बाटली उघडून पाहिली असती, किंवा द्राक्षरस किती दिवस ठेवता, एवढे विचारले असते, तर बरेचसे टळले असते. एका खोट्या दाखल्याने त्या एका मालाचेच नुकसान झाले असे नाही. त्याच मार्गाने प्रामाणिकपणे दाखला मिळविलेल्या लाखो गृहिणींच्या कागदावर ग्राहकाची नजर साशंक झाली, हे नुकसान मोठे.

मोठ्या उद्योगांचा मार्गही निर्दोष नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारी तपासणीत नऊ तयार खाद्यपदार्थांत डुकराचा अंश आढळला. त्यांपैकी सात पदार्थांवर हलालचा शिक्का होता. हा माल कारखान्यातील मऊ मिठायांचा व जिलेटीनचा असून बहुतेक परदेशातून आलेला होता. म्हणजे शंका पुन्हा तेथेच उपजली, मोठ्या कारखान्याच्या पिंपात. खेड्यातल्या कढईत नव्हे.

वही का हवी

पूर्वी इंडोनेशियातील हलाल प्रमाणपत्र चार वर्षांनी नवे करावे लागे. २०२२ च्या अखेरीपासून नियम बदलला. घटक व कृती बदलत नाही तोवर प्रमाणपत्र कायम चालते. लहान उत्पादकाची दगदग ह्यामुळे वाचली. परंतु ह्यामुळेच एक मोठी जबाबदारी त्याच्याकडे आली. आता चार वर्षांनी दार ठोठावणारा कोणी नाही. तेल बदलले, भुकटीचा छाप बदलला, तर तो बदल ध्यानात घेऊन कळविणारा उत्पादक स्वतःच. २००१ च्या प्रकरणात चूक झाली ती नेमकी ह्याच जागी झाली होती, आणि तेव्हा निदान नूतनीकरणाची तपासणी होती म्हणून ती सापडली.

म्हणून शिक्क्याआधी वही हवी. ही वही म्हणजे कचेरीतील जाडजूड नोंदवही नव्हे. तीत चार रकाने पुरतात : तारीख, काय आणले, कोणाकडून आणले, किती आणले. तेलाचा डबा किंवा भुकटीचा पुडा संपला की त्याचे वेष्टन कापून त्याच पानावर चिकटवावे. छाप बदलला तर दोन वेष्टने शेजारी दिसतात आणि बदल आपोआप नजरेस येतो. घरातील बाईस लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाने लिहावे; वेष्टन चिकटविण्यास तर अक्षराचीही गरज नाही.

वही ठेवणे हे शिकलेल्यांचे काम, गरिबास ते ओझे, असा आक्षेप येईल. परंतु हीच वही त्यास इतर कामीही येते. एका खेपेस तेल किती लागले, माल किती निघाला, पुड्यामागे खर्च किती पडला, हे त्याच पानावरून कळते. पुष्कळ गृहोद्योग नफा होतो अशा समजुतीवर वर्षानुवर्षे तोट्यात चालतात, कारण कोणी हिशेब मांडलेला नसतो. वही धर्माचा पुरावा आहे, मालाच्या प्रतीचा पुरावा आहे आणि धंद्याचा आरसाही आहे. एका खर्चात तीन कामे होत असतील तर तिला ओझे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्या खेड्यात सारेच मुसलमान, जेथे आजीने केलेला पदार्थ नात करते, तेथे हलालचा कागद मागणे हा त्या घराच्या श्रद्धेचा अपमान नव्हे काय? ह्या भावनेचा मान राखला पाहिजे. परंतु कागद श्रद्धेचा मागितला जात नाही, घटकांचा मागितला जातो. आजीच्या काळी चीजची भुकटी नव्हती. सहायकाने व अधिकाऱ्याने ही गोष्ट घरात बसून, आदराने समजावून सांगितली तर ती पटते. नोटीस धाडून सांगितली तर पटत नाही.

शिक्का म्हणजे धंदा नव्हे

प्रमाणपत्र मिळाले की विक्री वाढेल, असे लहान उत्पादकास पुष्कळदा सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. गावातल्या गावात विकणाऱ्यास शिक्क्याने एकही नवे गिऱ्हाईक मिळत नाही. शेजारणीस त्याची ओळख आधीच आहे. साऱ्याच पुड्यांवर शिक्का आला म्हणजे शिक्क्यामुळे भावही वाढत नाही. शिक्का उपयोगी पडतो तो माल शहरातील दुकानात, उपाहारगृहात किंवा परदेशी जातो तेव्हा. आणि तेथे जाण्यास शिक्क्याआधी इतर गोष्टी लागतात. वेफर्स पंधरा दिवस कुरकुरीत राहिले पाहिजेत, तेलास खवट वास येता कामा नये, पुडी हवाबंद हवी, तीवर वजन व तारीख छापलेली हवी, आणि दुकानदाराने मागितलेला माल ठरल्या दिवशी पोचला पाहिजे. ज्याचा माल दमट पुडीत नरम पडतो त्यास शिक्का तारू शकत नाही.

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : प्रमाणपत्र कोणाच्या नावावर? जावातील माडाचा रस काढणारे अनेक जण गूळ घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या कर्जात असतात. घरच्या अडचणीस त्यांनी उचल घेतलेली असते आणि गूळ त्याच व्यापाऱ्यास, त्याने सांगितलेल्या भावाने द्यावा लागतो. अशा स्थितीत प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावावर निघाले तर वाढीव भाव व्यापाऱ्याच्या घरी जाईल. पहाटे माडावर चढणाराच्या घरी येणार नाही. ह्यावर उपाय एकत्र येण्याचा. इंडोनेशियात गुळाच्या सहकारी संस्था आहेत, आणि २०१४ च्या ग्रामविषयक कायद्याने गावाच्या मालकीच्या उद्योगांसही मान्यता आहे. प्रमाणपत्र अशा संस्थेच्या नावावर, गूळ एकत्र तोललेला, वही एकच आणि भाव सर्वांस एक, अशी व्यवस्था झाली तरच कागदाचे मोल कष्टकऱ्यापर्यंत पोचते.

आपल्याकडील ग्रामसेवकांस बोध

भारतात हलाल प्रमाणपत्राची कायद्याने सक्ती नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी मात्र करावीच लागते आणि तिच्याकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. मांसाच्या निर्यातीचा प्रश्न वेगळा. इंडोनेशिया २०१६ पासून भारतातील म्हशीचे मांस घेत आला आहे, आणि हलाल म्हणून निर्यात होणाऱ्या मांसाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम जाहीर केले. पापड, चटणी, कोकमाचे आगळ, काजूगर असा माल करणाऱ्या महिला बचत गटाकडे आखाती देशातील अगर आग्नेय आशियातील ग्राहकाने हलालचा दाखला मागितला, तर तो अवश्य मिळवावा. ती ग्राहकाची रास्त मागणी आहे. कोणी मागितला नसताना, केवळ दलालाने सांगितले म्हणून, कर्ज काढून दाखला घेऊ नये.

दाखला सेंद्रिय शेतीचा असो, अॅगमार्कचा असो की हलालचा असो, इंडोनेशियाचा अनुभव तिन्हींस लागू पडतो. ग्रामसेवकाने तीन गोष्टी ध्यानात धराव्यात. पहिली, दाखल्याच्या अर्जाआधी निदान तीन महिने गटाकडून वही लिहवून घ्यावी; जो गट तीन महिने वही लिहू शकत नाही, त्यास मिळालेला दाखला टिकत नाही. दुसरी, ज्या घटकाविषयी शंका असेल त्याचा पुरावा तो घटक विकणाराकडून मागावा व पावती वहीत ठेवावी. गटातील बाईकडून तोंडी हमी घेऊन ती अर्जात उतरवू नये. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ‘पाहिले’ असे लिहू नये.

ही तिसरी गोष्ट सोपी दिसते, परंतु साऱ्या व्यवस्थेचा भार तिच्यावरच आहे. दूर गावचा ग्राहक पुडी हातात घेतो तेव्हा ज्या बाईने ती भरली तिला तो ओळखत नाही, आणि ज्याने सही केली त्यालाही ओळखत नाही. कोणीतरी त्या घरी गेले होते, कढई पाहिली होती, डबे उघडले होते, एवढ्यावर तो विश्वास ठेवतो. जुन्या गावात हा विश्वास मुलाण्याच्या ओळखीवर होता. आज तो सही करणाऱ्या सेवकाच्या पायपिटीवर आहे. वरिष्ठांनी त्याच्याकडून दाखल्यांचा आकडा मागण्याऐवजी किती घरांच्या वह्या त्याने वाचल्या हे विचारण्यास आरंभ करावा. त्याने कागद थोडे कमी निघतील, परंतु जे निघतील ते खरे असतील.